कोऱ्या पार्टिशनवरचं श्री

माझा भागीदार म्हणजे कॉलेजपासूनचा दोस्त, जवळच्याच मलकापूरचा. राजारामपुरीतल्या एका गल्लीत आम्ही दोघांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, एक टेबल आणि दोन खुर्च्या. तिसरा आला की आमच्यातल्या एकानं उभं राहायचं. व्हायरस काढून किती दिवस निघणार? शेवटी त्याच्या वडलांनी पुण्याच्या एका कंपनीत त्याची नोकरी ठरवली आणि सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत एक तरी मोठं काम उभं राहिलेलं दाखव, न्हायतर गप पुण्याची गाडी धर." दुकान बंद पडेल याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर तो जाईल याची मला जास्त धास्ती होती.

मोठं काम आमच्याकडं एकच होतं, गडमुडशिंगीजवळच्या एका फौंड्रीचं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचं. मालक वारल्यावर फौंड्री त्यांच्या पत्नी चालवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. घरात कानडी, कामगारांशी मराठी, आणि आवाज असा की भट्टी चालू असतानासुद्धा फाटकापर्यंत ऐकू जायचा. प्रत्येक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, कुठल्या दिवशीच्या लोखंडाच्या रसाचं, त्याची तपासणी काय आली, हे त्यांना कॉम्प्युटरवर चटकन बघायचं होतं.

आम्ही लिनक्सवर डेटाबेस बसवायचा ठरवला. तोही साध्या फायलींत नाही. डिस्कचा एक भाग, म्हणजे पार्टिशन, कोरा ठेवून थेट त्याच्यावर. मधे फायलींची भानगड नको, म्हणजे वेग वाढतो, असं आम्ही वाचलं होतं. पण आमच्याकडच्या लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, असं थेट लिहिता येत नव्हतं. त्यासाठी पॅच, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचं ठिगळ, लावून कर्नल नव्यानं बांधावा लागायचा. सायबर कॅफेतून फ्लॉपीवर पॅच आणला, लावला, चुकला, पुन्हा लावला. एकदाची मशीन नव्या कर्नलवर उठली तेव्हा दोस्तानं मला कडेवरच घेतलं.

शुक्रवारी फौंड्रीच्या ऑफिसात तपासणीचे सगळे आकडे भरून झाले. अक्का नारळ घेऊन आल्या. मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि मला विचारलं, "आत श्री लिवलंय न्हवं?"

"आत कुठं अक्का! तिथं कुणी हातानं लिहीत नसतं."

"आसं कसं? नवी जागा, कोरी जागा, आनि श्री न्हाय?"

मी ते हसण्यावारी नेलं आणि भजी आणायला बाहेर पडलो.

शनिवारी सकाळी मशीन चालू केली तर डेटाबेस उघडेना. मी त्या पॅचला यथेच्छ शिव्या घातल्या आणि कर्नल परत बांधायला घेतला. तो बांधून होईस्तोवर दुपार झाली, तरी डेटाबेस ढिम्म. शेवटी त्या कोऱ्या भागाची सुरुवातच वाचून बघितली. डेटाबेस जिथं स्वतःची ओळख लिहून ठेवतो, नेमकं तिथं इंग्रजी अक्षरांत 'श्री' येऊन बसलेलं! ती ओळखच पुसली की आतला एकही आकडा वाचता येत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाचे उद्योग हे?"

दोस्तानं मान खाली घातली. "माझंच. तू भजी आणायला गेलतास तवा."

"अरे मर्दा, अक्कांना बरं वाटावं म्हणून एवढ्या दिवसांचं काम मातीत?"

"अक्कांसाठी न्हाय रे." "मला पुण्याला जायाचं न्हाय. म्हटलं, आत देवाचं नाव असू दे, म्हंजे सोमवारी काम दगा द्यायचं न्हाय."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. बॅकअप म्हणावा तर रोजच्या रोज फायली कॉपी करत होतो, पण त्या भागात फायलीच नव्हत्या. इतकी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

आम्ही अक्कांपुढं जाऊन उभे राहिलो. त्यानं सगळं सांगितलं, अगदी पुण्याचंसुद्धा. आता आपला उद्धार होणार म्हणून मी तयारीतच होतो. अक्का त्याच्याकडं वळल्या.

"देवाचं नाव लिवलं आनि समदं पुसलं, व्हय?"

"व्हय, अक्का."

"मग देवाला बसायला जागा चुकीची दिलीस की रं. चला, बसा भरायला."

आणि त्या स्वतःच चष्मा लावून तपासणीच्या चिठ्ठ्या वाचायला बसल्या. डेटाबेस नव्यानं उभा केला. रविवारभर त्या खणखणीत आवाजात आकडे वाचत होत्या, आम्ही आळीपाळीनं टाइप करत होतो. अक्कांच्या घरून भाकरी आणि खर्डा आला, आणि आम्ही पोटभर जेवल्याशिवाय त्यांनी पुढचा आकडा वाचला नाही. असं माणूस गिऱ्हाईक म्हणून मिळायला भाग्य लागतं.

सोमवारी सकाळी अक्कांनी ढिगातलं एक कास्टिंग उचलून आणायला लावलं आणि त्याच्यावरचा नंबर सांगितला. दोस्तानं तो टाकला. तपासणी पडद्यावर आली. अक्कांनी चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो टेबलावरच पडला. "जमलं की! वडलास्नी कळव आता."

आम्ही तडक एसटीडी बूथवर गेलो. त्यानं मलकापूरला फोन लावला. मी काचेबाहेर उभा, पण दार नीट लागत नव्हतं.

"बाबा, काम उभं राहिलं. मी पुण्याला जात न्हाय." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "व्हय... व्हय, जेवतोय की वेळेवर... व्हय."

तो बाहेर आला आणि बूथच्या पायरीवर बसला.

"काय म्हणाले?" मी विचारलं. "तापले काय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "म्हणाले, बरं झालं पोरा. आमाला बी तू लांब नकोच हुतास."