रिबेट आणि मी लिहिलेला बोर्ड

"ताई, एवढेच हायेत," जनाबाईंनी पैशांची पुरचुंडी काउंटरवर सोडली. "बोर्डावर सूट लिवलीय, तेवढी वजा करा नि मशीन द्या."

नौपाड्यातल्या कानाच्या मशीनच्या दुकानात मी बिलिंग बघते. बोर्ड मीच लिहिलेला. कंपनीच्या मेलमध्ये होतं 'रिबेट'. मला वाटलं, डिस्काउंटचंच भारी नाव असेल. खडूने मोठ्ठं लिहिलं, 'घसघशीत सूट'.

बिल करायला गेले, तर कॉम्प्युटर पूर्ण किंमतच दाखवतोय. आत जाऊन सरांना विचारलं.

"अहो ताई, डिस्काउंट बिलातच कापतात. रिबेटमध्ये गिऱ्हाईक आधी पूर्ण पैसे भरतं, फॉर्म पाठवतं, मग कंपनी त्यातले थोडे परत देते. दोनेक महिन्यांनी."

"मग आता?"

"आता बोर्ड पुसा."

बोर्ड पुसला हो, पण जनाबाईंना काय सांगू? खाडीकाठच्या कोळीवाड्यातून नवऱ्याला, हिराकाकांना, घेऊन आलेल्या. चार दिवसांपूर्वी ते होडीत होते आणि मागून आलेल्या मालवाहू बार्जचा भोंगा त्यांना ऐकूच आला नाही. थोडक्यात वाचले.

"उद्या परत जानार खाडीत," जनाबाई म्हणाल्या. "बांधून ठेवू काय घरात?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. गुपचूप पुरचुंडी बांधायला लागल्या.

मी पुन्हा सरांकडे. "चूक माझी आहे. कमी पडतायत ते माझ्या पगारातून धरा. रिबेट आलं की त्या देतील."

"आणि नाही दिले तर?"

"तर तो माझ्याकडून डिस्काउंट."

सर हसले. "निम्मे माझे धरा."

मशीन बसवलं. जनाबाई सवयीने ओरडल्या, "आयकू येतं काय?"

हिराकाका दचकले. "अगो, वरडतेस कशाला? बाजूलाच हाय मी!"

जनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग इतक्या हळू "चला" म्हणाल्या, की मला नुसते ओठ हललेले दिसले. हिराकाका मात्र उठून उभे राहिले.

रिबेट आलं, दोनाचे तीन महिने लावून. दुसऱ्याच दिवशी जनाबाई पैसे घेऊन हजर.

सवलत बिलात कापणार की मागाहून परत येणार, एवढं विचारल्याशिवाय मी आता खडू हातात घेत नाही.