चिटणीसांनी खोडलेले कंस

"अहो, हा माणूस शिडी घेऊन आलाय! नाटकाला! शिडी!"

हैदराबादच्या कोठी भागातल्या सभागृहाच्या दारात आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस ओरडत होते. आवाज असा, की समोरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतली पानं वाऱ्यावाचून उलटत होती. शिडीवाला इलेक्ट्रिशियन शांत उभा होता. त्याच्या मागे पाना घेतलेला नळवाला, त्याच्या मागे दोन आचारी आणि एक भलंमोठं पातेलं, आणि रस्त्यावर टेम्पोतून खुर्च्या उतरवून घेणारा टेंट हाऊसवाला. त्याच्याही मागे रांग होती. ती थेट बरकतपुऱ्यापर्यंत गेली होती, असं मी लोकांना सांगतो. फार ताणलं तर वाटेतल्या काचीगुड्यापर्यंत यायला तयार आहे, त्याच्या अलीकडे नाही.

चिटणीस माझ्यावर वळले. "आणि तुम्ही हसताय काय? कोण आहेत हे सगळे?"

"प्रेक्षक," मी म्हणालो.

हे प्रेक्षक कसे जमले, ते सांगायचं तर आधी काकांच्या मरणाबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे आमचे घरमालक. आम्ही नवराबायको पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि बरकतपुऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. ते निवृत्त शिक्षक, पण शिक्षकी हा त्यांचा जोडधंदा होता. खरं काम म्हणजे दरवर्षी मंडळासाठी एक नाटक लिहायचं, बसवायचं आणि शेवटच्या अंकात स्वतः मरायचं. काकांचं मरण पाऊण तास चालायचं. सराव घरीच. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात बायकोने खालून येणारं कण्हणं ऐकून रुग्णवाहिका बोलावली होती. काकांनी तिच्या ड्रायव्हरलाही बसवून पहिला अंक ऐकवला.

अडचण एकच होती, बघायला कोणी येत नसे. आदल्या वर्षी पहिल्या रांगेत काकू, आम्ही दोघं आणि कुलूप लावायला आलेला वॉचमन, एवढीच गर्दी. तेव्हा कार्यकारिणीने ठराव केला: यंदाच्या नाटकाला सभागृह निदान निम्मं भरलं तर पुढेही नाटक होईल, नाहीतर त्याच्या जागी कराओके.

हा ठराव झाला आणि काकांनी मरणं सोडून दिलं. सराव बंद. खालचा मजला गप्प. पुण्याचा माणूस शांततेसाठी भांडतो, पण ती शांतता मलाही सोसवेना. खाली गेलो तर काका अंधारात खुर्चीवर बसलेले.

"पुणेकर," ते म्हणाले, "कराओके बोले तो काय? दुसऱ्याच्या बाज्यावर आपण ओरडायचं, हौ ना?"

"हौ काका."

"मग मी काय करणार तिथं?"

मी वर येऊन लॅपटॉप उघडला. माझ्याकडे मंडळाचा डेटाबेस होता. माझी नोकरी तीच, तेव्हा मंडळाने तो फुकटात माझ्या गळ्यात घातला होता. त्यात सभासद तर होतेच, पण चिटणीसांच्या आग्रहाखातर मंडळाचा ज्याच्याशी कधी संबंध आला तो प्रत्येक जण होता: आचारी, नळवाले, फुलवाले, चिटणीसांच्या गुडघ्यासाठी शोधलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई. आणि मंडळाचं कार्यालय बरकतपुऱ्यात, त्यामुळे ही सगळी कामाची माणसं बहुतेक बरकतपुऱ्याचीच.

आता निमंत्रणाचा मेसेज कोणाला धाडायचा? शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, हायटेक सिटीकडची मंडळी रविवारी कोठीला यायची नाहीत. आजच्या नाटकाला निघाली तर पुढच्या वर्षीच्या नांदीला पोचतील. म्हणून असं ठरलं, की बरकतपुरा आणि तारनाका या दोनच भागांतल्या माणसांना बोलवायचं, आणि त्यांतही ज्यांनी 'आवड' या रकान्यात नाटक लिहिलंय, त्यांनाच. यादीतून तेवढीच नावं निवडायला मशीनला द्यायची अट मी लिहिली. कंसात 'परिसर बरकतपुरा किंवा परिसर तारनाका', कंस बंद, 'आणि आवड नाटक'.

पण आमच्या मंडळात चिटणीसांच्या मंजुरीवाचून कागदाचा चिटोराही बाहेर जात नाही. त्यांचं सगळं घराणं वकिलीत आणि सरकारी नोकरीत. यांची हयात दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेलेली. पोरीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी इतकी आटोपशीर केली होती, की शेवटी जावयाचंच नाव अनावश्यक म्हणून गळलं, असं सांगतात. माझ्या अटीचा कागद त्यांच्यापुढे गेला आणि लाल पेन उघडलं.

"हे कंस कशाला?"

"ते राहू द्या साहेब. ते लागतात."

"ज्याला खात्री नसते तो कंसात लिहितो. आम्ही आयुष्यात कंस वापरला नाही." दोन फटकारे. कंस गेले.

मी खिंड लढवली. समोर इराणी चहा होता, उस्मानिया बिस्किटं होती. म्हटलं, "साहेब, असं बघा. मशीनच्या लेखी 'आणि'ची पकड 'किंवा'पेक्षा घट्ट. गणितात गुणाकार बेरजेच्या आधी करतो ना, तसं. चहा किंवा कॉफी आणि बिस्कीट असं मशीनला सांगितलं, तर ते बिस्कीट फक्त कॉफीला चिकटवतं. चहावाला कोरडा. दोघांनाही बिस्कीट हवं असेल, तर चहा किंवा कॉफी एका कंसात बांधायला लागतं. इथंही तेच. कंस काढले तर नाटकाची आवड फक्त तारनाक्याला लागू होईल. बरकतपुऱ्याचे सगळे आत."

चिटणीसांनी चहात बिस्कीट बुडवलं. "मला दोन्हीबरोबर बिस्कीट मिळतं. मी कधी कंस मागितला नाही. वेटरला कळतं, मशीनला कळत नाही?"

"नाही कळत."

"चूक असली तर मशीन बोलेल ना?"

इथेच माझी पंचाईत झाली. मशीन बोलत नाही! स्वल्पविराम चुकला तर ते आकाशपाताळ एक करतं, पण प्रश्नच चुकीचा असला आणि तो नीट मांडलेला असला, की मुकाट्याने उत्तर देतं. चिटणीसांनी स्वतःच्या हाताने 'मंजूर' लिहून सही केली, आणि मंजूर मसुद्यात बदल करणारा मी कोण? मी अट जशीच्या तशी चालवली. मशीन एका शब्दाने बोललं नाही. मीही नाही.

मेसेजही चिटणीसांचाच, इंग्रजीत, कारण नव्या पिढीला मराठी वाचवत नाही. त्याचा मराठीत अर्थ असा: 'रविवारी संध्याकाळी पाच वाजता कोठी येथील सभागृहात आपली उपस्थिती आवश्यक आहे. कसूर होऊ नये.' नाटकाचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. तिथवर माणूस पोचत नाही, समन्स आल्यासारखा चपला घालतो.

तर बरकतपुरा आला. जो तो आपलं काम निघालंय असं समजून आपापली हत्यारं घेऊन आला. तारनाक्याहून मात्र अगदी नेमकी माणसं आली, नाटकाची आवड असलेलीच. म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आणि त्यांच्या दोन मैत्रिणी.

"घालवा यांना परत!" चिटणीस गरजले, पण तोवर रांग त्यांना ओलांडून खुर्च्यांवर जाऊन बसली होती.

तेवढ्यात पडद्याच्या फटीतून काकांची पांढरी दाढी बाहेर आली. दाढीच्या वर दोन डोळे. ते भरलेल्या खुर्च्यांवरून फिरत फिरत माझ्यावर आले.

"पुणेकर," काका कुजबुजले, "हे आपल्याकडेच आलेत?"

"हौ काका."

"सगळे?"

मी मान डोलावली. दाढी आत गेली आणि पुढच्या क्षणी पहिली घंटा झाली, लागलीच दुसरी, आणि तिला चिकटून तिसरी. तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षकाला उठवत नाहीत, हा नियम चिटणीसांनीच लिहिलेला. ते तोंड उघडं ठेवून खाली बसले.

मी पुण्यात मोठमोठी नाटकं पाहिलीत, पण असा प्रयोग नाही. भाषा कळणारे मोजके, पण अडलं कोणाचंच नाही. काकांच्या नाटकातला मुलगा बापाला शहरात चला म्हणतो आणि बाप "नको, नको" म्हणतो, तेव्हा पहिल्या रांगेतून टेंट हाऊसवाला उठला. "नक्को बोल रहें ना बुड्ढे! जबरदस्ती काय कू करता रे?" टाळ्या. मुलाचं काम करणारा बँकेतला इसम घाबरून दोन वाक्यं गाळून गेला. काकांनी ती त्याच्या वतीने म्हटली. दुसऱ्या अंकात दिवे गेले, तर शिडीवाला कोणी न सांगता वर चढला, आणि दिवे आले तेव्हा काकांनी शिडीकडे पाहून आकाशाला उद्देशून असलेलं भाषण सुरू केलं. वर इलेक्ट्रिशियन हात जोडून उभा.

आणि मग मरण. काका कोसळले मात्र, फिजिओथेरपिस्ट बाई रंगमंचावर धावल्या. "अंकल, पाय हलवू नका!" काकांनी एक डोळा उघडला, बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, आलीस?" नाटकात सून नव्हतीच! बाई तेलुगूत रडायला लागल्या. आचारी रडले. नळवाला रडला, त्याच्या रडण्याने पाना गंजला असेल. पाऊण तासाचं मरण त्या दिवशी सव्वा तास चाललं, आणि दर वेळी काका गेले असं वाटलं की मागून कोणीतरी ओरडायचं, "नक्को चाचा, नक्को!" मग काका त्या ओरडणाऱ्याच्या मानासाठी आणखी थोडं जगायचे.

पडदा पडला तेव्हा चिटणीस ठरावाचा कागद फडकावत आत शिरले. "हे चालणार नाही. यातले बहुतेक सभासदच नाहीत!"

"ठराव वाचा ना साहेब," मी म्हणालो.

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. अट एकच होती, सभागृह निम्मं भरलेलं हवं. कोणी भरलेलं हवं, ते ठरावात नव्हतं.

"मसुदा कोणाचा?" काकांनी दाढी सोडवत गोडीत विचारलं.

चिटणीसांनी कागदाची घडी घातली. "पुढच्या वर्षीचं नाटक जरा लहान लिहा," म्हणाले आणि गुडघा सांभाळत बाहेर गेले.

काका तसेच, रंगवलेल्या चेहऱ्याने, सभागृहात उतरले. टेंट हाऊसवाला डोळे पुसत खुर्च्या एकात एक घालत होता. काका त्याच्यापुढे उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न काकूंखेरीज कोणाला विचारला नव्हता.

"मियां, अगले साल भी आते ना?"

त्याने खुर्ची उचलून खांद्यावर टाकली.

"मेसेज आया तो आते."