जलपूजनाची धार

"धार बंद करायची? डोकं ठिकाणावर हाय का, इंजिनीअर?" चेअरमन अण्णा टाकीच्या कठड्यावर उभे राहून ओरडले. मीही ओरडूनच बोलत होतो. त्या धारेच्या आवाजात दुसरा इलाज नव्हता.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. तेर गावाच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात मी नवा इंजिनीअर होतो, अजून प्रोबेशनवर. कामगार वस्तीच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडं होती. नदीच्या डोहातलं पाणी तुरटी घालून सेटलिंग टँकमध्ये सोडायचं. या टाकीचं काम एकच. पाणी इतकं संथ न्यायचं, की पलीकडं पोचेपर्यंत गाळ तळाला बसावा. आमच्या टाकीतून मात्र चहासारखं पाणी बाहेर पडायचं. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडरही नीट काम करत नाही. वस्तीतली लेकरं हगवणीनं आडवी पडत होती आणि साहेब लोक म्हणत होते, तुरटी वाढवा.

तुरटी वाढवून झाली होती. मला टाकीचाच संशय होता. रजा काढून मी पुण्याला माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. तिथं कॉम्प्युटर होता, खोलीभर. टाकीचं चित्र कागदावर बारीक चौकोनांत विभागलं. प्रत्येक चौकोनात पाणी कुठं वळतं, किती जोरात, आणि तिथं गाळाचा कण किती खाली सरकतो, हे सगळं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर घालून खिडकीतून आतल्या ऑपरेटरला द्यायचं. एक स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत. शेवटी उत्तर आलं. वरून पडणारी धार थेट तळाला जात होती, बसलेला गाळ उठवत होती आणि त्याला सोबत घेऊन बाहेर पडत होती. माठात उंचावरून पाणी ओतल्यावर होतं, तसंच.

मूळ नकाशात पाइपचं तोंड पाण्याखाली होतं. टाकीच्या जलपूजनाला पाहुण्यांना पाणी पडताना दिसावं, नारळ फोडतानाचा फोटो झकास यावा, म्हणून अण्णांनी तो वर उचलून घेतला होता. मग तो तसाच राहिला. सभा असो, सत्कार असो, पाहुणे आधी धार बघायला यायचे.

"दुष्काळात लोकं लांबून ही धार बघाया येत्यात," अण्णा म्हणाले. "तुझ्या त्या मशिनीनं कधी तहान बघितलीया का?"

"वस्तीनं बघितलीय, अण्णा. धार बघून तिची तहान भागत नाही."

"पाइपला हात लावलास तर घरी जाशील."

माझं डोकंच फिरलं. गणित चुकलं म्हणाले असते, तर मी पुन्हा मांडलं असतं. इथं लेकरांच्या पोटापेक्षा फोटो मोठा होता. गाळ काढायला टाकी रिकामी केली, त्याच दिवशी मी फिटर रशीदभाईंना पाइप कापायला सांगितलं.

"सायेब, नोकरी जाईल."

"माझी जाईल. तुम्ही कापा."

पाइपचं तोंड खाली घेतलं. त्याच्यासमोर शहाबादी फरश्या फटी ठेवून उभ्या केल्या, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल आणि ते सगळ्या रुंदीत पसरेल. टाकी भरली. आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या नळाखाली बादली भरली तर तिचा तळ दिसला. मी भर रस्त्यात एकटाच हसत सुटलो.

अण्णांनी शब्द पाळला. मला काढलं, आणि पाइप पुन्हा वर घ्यायला वेल्डर घेऊन टाकीवर आले. सामान बांधायचं सोडून मीही तिथं गेलो. वस्तीतल्या बाया आधीच कठडा अडवून बसल्या होत्या. शेवंताबाई पुढं झाल्या. त्यांच्या नातवाला नुकतंच दवाखान्यातून घरी आणलं होतं.

"घ्या की वर," त्या म्हणाल्या. "पर आदी तुमच्या बंगल्याची बोअर बंद करा. तुमी बी ह्येच पाणी प्या, मग आमी उठतो."

अण्णांनी वेल्डरकडं बघितलं, मग बंगल्याकडं. जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

पाइप खालीच राहिला. नोकरी काही परत मिळाली नाही आणि मीही मागायला गेलो नाही. पुढं गावोगावी अशा टाक्या केल्या. गणित आता टेबलावरच्या कॉम्प्युटरवर होतं. पण ते मांडण्याआधी मी एक गोष्ट विचारून घेतो. साहेबांच्या घरी पाणी कुठलं येतं?