अजिलोंगची लांब नळी

आमच्या वस्तीत अजोन, म्हणजे नाचणीची दारू, सगळ्याच बायका करतात. मीही करते, आणि माझं काही वाईट नसतं. पण अजिलोंगच्या अंगणात मडकं लागलं की माझा नवरा घरचं मडकं तसंच टाकून तिकडे निघायचा, हे मी अजून विसरलेले नाही. अजिलोंग माझी चुलत जाऊ. आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे तिच्या चुलीचा धूर आधी माझ्या डोळ्यांत जायचा आणि मग आभाळात.

अजोन करण्यात तसं गुपित काही नाही. नाचणीचं पीठ भिजवायचं, केळीच्या पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायचं, आंबट वास सुटला की उकरून मोठ्या पत्र्यावर भाजायचं आणि उन्हात वाळवायचं. मग त्यात मोड आलेल्या नाचणीचं पीठ आणि पाणी घालून रांजणात ठेवायचं. फसफसायला लागलं की झालं. आमच्या आयांनी एवढंच शिकवलं आणि आम्ही तेवढंच करत आलो. अजिलोंगचं मात्र सदानकदा काहीतरी चाललेलं असायचं. एकदा तिने तेलाचा जुना पिंप उभा कापून ठोकून सपाट केला आणि त्याच्या कडा वळवल्या, भाजताना पीठ सांडू नये म्हणून. नंतर मातीची चूल मोडून दोन तोंडांची केली. पुढे पत्रा, मागे किटली. ती चूल तीनदा खचली आणि तिन्ही वेळा तिने माझ्याच अंगणातली माती नेली. एका वर्षी तर तिने नाचणीला मोड आणायला सहा पोती सहा ठिकाणी ठेवली, झोपडीत, आंब्याखाली, गोठ्यात, आणि रोज उठून प्रत्येक पोत्यातले दाणे चावून बघायची.

"एवढा खटाटोप करतेस तर वीक की," मी एकदा म्हटलं.

"विकलं की गिऱ्हाइकाच्या जिभेने करावं लागतं, अटाय," ती म्हणाली. "मी माझ्या जिभेने करते. ज्याला आवडत नाही त्याने आपल्या बायकोच्या हातचं प्यावं."

टोमणा मलाच होता.

नळ्याही तीच करायची. मडक्याभोवती गोल खुर्च्या मांडून पुरुष बसतात आणि पुरुषभर उंचीच्या नळ्या मधल्या मडक्यात सोडून ओढत राहतात. नळी म्हणजे वेलीची पोकळ काठी, आणि तिच्या टोकाला विणलेली बारीक जाळी, म्हणजे तोंडात चोथा येत नाही. अजिलोंगची जाळी इतकी घट्ट असायची की लोक लांबच्या गावांहून वेल घेऊन यायचे आणि "एवढी जाळी तेवढी विणून दे" म्हणायचे. पिणारे ओढतात, घरची बाई मागून येऊन मडक्यात गरम पाणी ओतते. कधी ओतायचं हे अजिलोंग न बघता ओळखायची, कारण मडक्यात वाकून बघणं वाईट. तिच्या कानाला नळ्यांचा आवाज पुरायचा.

मडक्याचे असे बरेच नियम आहेत. नळी डाव्या हातात धरायची नाही. आत फुंकायचं नाही. पण सगळ्यांत कडक नियम एकच, सासऱ्याने आणि सुनेने एका मडक्यातून प्यायचं नाही. सासरा म्हणजे फक्त नवऱ्याचा बाप नाही, त्याच्या वयाचा कुळातला प्रत्येक जण. आमच्या कुळातले सर्वांत वडील पापा इमालिंगात. एकदा बाजारात ते गर्दीच्या मडक्याला बसले, पहिला घोट ओढला आणि समोर बघतात तर पुतण्याची बायको नळी धरून बसलेली! तोंडातला घोट न गिळता म्हातारा उठला, गाल फुगवून सगळा बाजार ओलांडत आंब्यामागे गेला आणि तिथे थुंकला. पोरं महिनाभर गाल फुगवून त्यांची नक्कल करत होती.

मग अजिलोंगचा नवरा ओलुपोट गेला. पोटात दुखायला लागलं, सायकलवर बसवून दवाखान्यात नेला, आणि परत आणला तो झाकूनच. पोरगी अमुगे तेव्हा तिच्या कमरेएवढी होती. वर्ष सरलं, आणि रीतीप्रमाणे कूळ जमायची वेळ आली. विधवेचं काय करायचं ते मडक्याभोवती ठरतं. वडील माणूस शब्द बोलतो, सगळे एकेक घोट ओढतात, की शब्द पक्का. घोट ओढल्याशिवाय शब्दाला किंमत नाही. आणि त्या दिवसाचं अजोन करायचं कोणी? विधवेनेच. तिच्याच हातचं पिऊन तिलाच कोणाच्या तरी गळ्यात बांधायचं, आणि ती मागे किटली घेऊन उभी.

गळा कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. ओलुपोटचा धाकटा भाऊ एकिरापा. घरी दोन बायका असताना याला तिसरी हवी होती, असंही नाही. त्याला ओढ्याकाठचं तिचं शेत हवं होतं. ती काळी जमीन ओलुपोट आणि अजिलोंग यांनी मिळून दगड वेचून तयार केली होती, आणि तिथली नाचणी वीतभर लांब कणसं धरायची. बाई मिळाली की शेत आपोआप मिळतं, आणि पुढे अमुगेच्या लग्नात मुलाकडून येणाऱ्या गायीही.

"मला नवरा एकच होता," अजिलोंग मला म्हणाली. "शेत मी कसते आणि मीच कसणार. एकिरापाच्या अंगणात मी झाडूसुद्धा मारणार नाही."

"मग एक कर," मी म्हटलं. "अजोन बिघडव. भाजताना करपव, कच्चंच वाढ, काहीही कर. कोणी घोटच घेणार नाही."

ती पत्र्यावर पीठ परतत होती. तिने उलथणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता पत्राच अंगावर येतो.

"माझ्या हातचं अजोन मी बिघडवू? त्यांच्यासाठी? अटाय, ते माझं शेत घेतील नाहीतर घेणार नाहीत. पण अजिलोंगने पाणचट वाढलं असं म्हणायला मी कोणालाही जागा देणार नाही."

आणि खरंच, तसं अजोन तिने त्याआधी कधी केलं नव्हतं. त्या दिवसांत संध्याकाळी ती एक नळीही करत बसायची. वेल निवडून आणलेली, सगळ्यांच्या नळ्यांपेक्षा हातभर लांब. गाठी एकेक करून आतून फोडल्या, राखेने घासली, चुलीच्या धगीवर धरून सरळ केली. मी मनात म्हटलं, बाई झुकली, दिराला नजराणा करतेय. मला तिचा संताप आला आणि दोन दिवस मी तिच्याशी बोललेच नाही.

कूळ जमलं ते दुपारी, आंब्याखाली. खुर्च्या पुरेनात म्हणून शाळेतलं बाक आणलं होतं. पापा इमालिंगातांनी पहिला घोट ओढला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "हं," म्हणाले. मग दुसरा, तिसरा. एकिरापा नवा सदरा घालून आला होता आणि दर घोटाला हसत होता. आम्ही बायका मागे चटयांवर. अजिलोंग किटली घेऊन फेऱ्या घालत होती. शेवटी पापांनी नळी जरा बाजूला केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर आता ओलुपोटच्या घराचं."

अजिलोंगने किटली खाली ठेवली. आमच्यातली एक चटई उचलली, दोन खुर्च्यांच्या मधे अंथरली, घरातून ती लांब नळी आणली, बसली आणि नळीचं टोक मडक्यात सोडलं. कोणाला कळायच्या आत तिने घोट ओढलाही.

पापा इमालिंगात विंचू चावल्यासारखे उठले. त्यांच्याबरोबर त्यांच्या वयाचे आणखी दोघे. खुर्च्या मागे पडल्या.

"सूनबाई! शुद्धीवर आहेस का तू?"

"सून म्हणालात ना, पापा? मग उभेच राहा. सून मडक्याला बसलीय."

"ऊठ तिथून!"

"नाही उठत. बोलणं माझ्याबद्दल चाललंय, अजोन माझ्या हातचं आहे, नळी मी केलीय. मी सून नसेन, तर या बसा आणि खुशाल प्या. पण मग परक्या बाईला कोणाच्या दारात बांधायचं हे तुम्ही कोण ठरवणार?"

एकिरापा ओरडला, "सून नसशील तर चालती हो आमच्या जमिनीवरून!"

"भावजी, आधी पापांना बसवा," अजिलोंग शांतपणे म्हणाली. "त्यांना पिऊ दे माझ्यासमोर. अजिलोंग या घरची सून कधी नव्हतीच, असं या मडक्यावर पक्कं करा. मग माझ्या बापाला दिलेल्या गायी त्याच्याकडून परत आणा आणि माझी पोर माझ्याबरोबर पाठवा. तिच्या लग्नाच्या गायी माझ्या माहेरी बांधल्या जातील. चालेल?"

एकिरापा म्हाताऱ्यांकडे वळला. त्याला हे चालणार नव्हतं आणि तिने सून म्हणून मडक्याला बसून राहणंही चालणार नव्हतं. म्हातारे लांब उभे राहून आपापसात कुजबुजले, काठ्या आपटल्या, पण मडक्याजवळ एकही येईना. शब्द बोलायचा कोणी आणि घोट ओढायचा कोणी? मला इतका वेळ आवरलेलं हसू आवरेना. मी उठले, किटली घेतली आणि मडक्यात गरम पाणी ओतलं. मग दुसरी जाऊ येऊन तिच्याशेजारी बसली, मग तिसरी. जावांनी एका मडक्यात पिऊ नये असा नियम कुठेच नाही. त्या दिवशी ते रांजणभर अजोन आम्हा बायकांनी संपवलं, आणि पुरुष आंब्याच्या दुसऱ्या बाजूला कोरड्या तोंडाने बसून राहिले.

एकिरापाने हार मानली असं नाही. त्याने आपल्या बायकोकडून अजोन करवून आपल्या अंगणात कूळ बोलावलं. अजिलोंग चटई आणि नळी घेऊन हजर. कुंपणाशी अडवली, तर कुंपणाबाहेर बसून नळी आत सारली. आता मला कळलं ती एवढी लांब का केली होती. मडक्यापर्यंत ती पोचली की नाही हे बघायला पापा थांबलेच नाहीत. तिसऱ्यांदा बोलावणं गेलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "मला नका बोलावू. त्या बाईची नळी आधी येते."

पण मनातून ते चिडलेले होते, आणि अजिलोंगही. त्यांनी तिच्याकडे निरोप पाठवला, वेगळ्या मडक्यात थोडं अजोन पाठव. वेगळ्या मडक्याला कोणाचीच हरकत नसते.

"सांग त्यांना," ती निरोप आणणाऱ्याला म्हणाली, "माझ्याबद्दलचा शब्द त्यांच्या पोटात आहे तोवर माझं अजोन त्या पोटात जाणार नाही."

मला ते जरा जास्तच वाटलं. म्हातारा वाईट नव्हता, रीतीला चिकटून होता इतकंच. "थोडं दे की," मी म्हटलं. तिने मला पातेली धुवायला लावली आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर तिलाही झोप लागत नसे. पापा गेले की सर्वांत वडील कोण होणार हे ती जाणून होती. त्यांच्या वयाचे ते दोघे तोवर मातीआड झाले होते. पुढे एकिरापाच्या पिढीचे लोक उरत होते, आणि दिराने भावजयीबरोबर एका मडक्यातून प्यायला काहीच आडकाठी नाही. त्या दिवसापासून तिच्या नळीचा उपयोग शून्य. एकिरापाही तेवढ्याचीच वाट बघत होता.

नाचणीची काढणी झाली आणि पापा इमालिंगात अंथरुणाला खिळले. अन्न तुटलं, घशाखाली नाचणीचा अतापसुद्धा उतरेना. मुलांनी विचारलं, काय हवंय? म्हातारा म्हणाला, "अजिलोंगचं मडकं. आणि तिला म्हणावं नळी घेऊन ये. कूळही बोलवा."

ती घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तरी तिने मडकं डोक्यावर घेतलं, नळी माझ्या हातात दिली आणि निघाली. पापांना खाट अंगणात आणून टेकून बसवलं होतं. हाताची नुसती काडी झालेली. कूळ भोवती बसलं, एकिरापा अगदी जवळ. मी गरम पाणी ओतलं.

"बस," पापा तिला म्हणाले. "घाल नळी."

"कोण म्हणून बसू, पापा?" अजिलोंग उभीच होती. "सून म्हणून बसले तर तुम्हाला उठावं लागेल, आणि तुम्हाला उठवत नाही. आधी स्पष्ट बोला."

"मरणाऱ्याशी पण भांडतेस."

"तुम्हीच शिल्लक आहात भांडायला."

म्हातारा हसला, खोकला, पुन्हा हसला. "माझ्या भावाला, या एकिरापाच्या बापाला, मुलगी नव्हती," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आता आहे. ही सून नाही, आमची मुलगी. बापलेकीने एका मडक्यातून प्यायला काही हरकत नाही."

"आणि शेत?" तिने विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी विचारलं.

"ओढ्याकाठचं शेत हिचं. हिच्यामागे अमुगेचं. आता तरी बसशील का? पाणी निवतंय."

ती बसली. दोघांनी एकदमच ओढलं. पापांनी डोळे मिटले आणि कुरकुरले, "जरा जास्त भाजलीस."

"अजिबात नाही. तुमचंच तोंड कडू झालंय."

मग नळी एकेकाकडे फिरली, आणि प्रत्येकाने घोट ओढला. शेवटी राहिला एकिरापा. तो हात मांड्यांवर ठेवून बसून होता. मरणाऱ्या वडीलधाऱ्याच्या मडक्यावरून न पिता उठलेल्या माणसाच्या घराला कसा शाप लागतो हे त्यालाही माहीत होतं, आणि सगळं अंगण त्याच्याकडेच बघत होतं. अजिलोंगने आपली लांब नळी उचलून त्याच्या तोंडासमोर धरली.

"पी, भाऊ," ती म्हणाली.

तो प्यायला. मी वरून पाणी ओतलं.