ॲलर्जी : नाही

जेवण अंगावर आलंय. सांगलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात दुपारचे तीन वाजलेत, एसी एकाच सुरात घरघरतोय, आणि ऋतुराज चौगुलेनं कीबोर्ड बाजूला सारून टेबलावर डोकं टेकलंय. चार वाजता त्याला एक रिपोर्ट मेल करायचाय. रिपोर्ट तयार आहे. त्यात कामाचं वाक्य एकच: 'नोंदणी कर्मचारी रेश्मा मुजावर यांनी रुग्णाच्या ॲलर्जीची माहिती भरली नाही.' वाक्य खरं आहे. हरामखोरीला खोटं बोलावं लागतंच असं नाही. हे वाक्य चारला गेलं की साडेचारला रेश्माची नोकरी गेली, आणि पुढं पोलिसांचं बोलावणं.

ऋतुराजची कंपनी दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवते. पडद्यावर दिसतं ते दुसरे करतात. पडद्यामागचं, म्हणजे बॅकएंड, तो लिहितो. नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या दवाखान्यात बेडगच्या आक्काताई बिरनाळे, वय एकसष्ट, ताप आला म्हणून आल्या; नोंदणीच्या खिडकीत रेश्मा होती. डॉक्टरांच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ॲलर्जी : नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. चाळीस मिनिटांत बाई गेल्या.

एसीचा आवाज पातळ होतो. पातळ होत होत कुठंतरी नळ चालू राहिल्यासारखा होतो. ऋतुराज मान वर करतो, तर टेबल तेच आहे, पण तो टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभा आहे. रांगेत. मधे काच, काचेला गोल भोक, आणि आत रेश्माच्या खुर्चीत एक बाई बसलीय.

तो तिला ओळखतो, आक्काताई. कधी पाहिलेलं नाही, फक्त तिचं रेकॉर्ड पाहिलंय, म्हणून ती तेवढीच आलीय. नाव, वय, गाव, मोबाइलचे दहा आकडे. फोटोचा रकाना रिकामा होता, म्हणून तोंडाच्या जागी नुसती हलत्या पाण्यासारखी लकाकी आहे. चपला नाहीत. चपला कुणी विचारल्या नव्हत्या.

ती नाव विचारते, तो सांगतो. वडील विचारते, तो वारले म्हणतो. ती लिहून घेते.

"आई?"

"आहे."

"आज हाय?"

ऋतुराजला आठवतं, शेवटचं बोलणं रविवारी झालं. आज गुरुवार. "असणारच, मावशी. पण आजचं काही माहीत नाही."

"आई, न्हाय," असं म्हणत ती लिहिते, आणि त्याच्या मागं काहीतरी खाली पडतं. तो वळून बघतो. फरशीवर आईची कापडी पिशवी पडलीय. मेथीची जुडी बाहेर आलीय. पिशवी धरणारा हात नाही. आई इतका वेळ मागंच उभी होती हे त्याला आत्ता कळतं.

"मावशी, थांबा. मी नाही म्हटलं नव्हतं."

"फुडचं सांग. पोरबाळ?"

त्याची बायको सायली दवाखान्याच्या बाकावर बसलीय, दोन्ही हात पोटावर. दवाखान्याचं आता एसटी स्टँड झालंय, बाक मात्र तोच. तपासणीचा रिपोर्ट उद्या मिळणार आहे. ऋतुराजला सांगायचं नसतं, पण खिडकीपुढं तोंड आपोआप उघडतं.

"अजून माहीत नाही."

बाई पेन उचलते. तो काचेच्या भोकातून हात घालून तिचं मनगट धरतो. मनगट फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीसारखं आहे. पेन थांबत नाही.

"माहीत नाही म्हणजे नाही नव्हे," तो ओरडतो.

"आसं व्हय? कुणी शिकिवलं तुला?"

तो ट्रेनिंगच्या खोलीत फळ्यापुढं उभा आहे. दर जूनमध्ये नव्यांना तो इथंच शिकवतो. हातात मार्कर आहे, आणि समोर बाकांवर अकरा बाया बसल्यात, मांडीवर पिशव्या घेऊन, एकीलाही तोंड नाही. आक्काताई बारावी, पहिल्या बाकावर. त्या शिकीव म्हणतात आणि तो शिकवायला लागतो, कारण हे त्याला झोपेतही येतं.

जेसन म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला पाठवलेली चिठ्ठी. डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तर. चिठ्ठी आली की आधी दारातच तपासायची. जे हवं ते नसेल तर आत घ्यायची नाही, काय कमी आहे ते स्पष्ट सांगून परत पाठवायची. यादी रिकामी आली तर अर्थ असा, की विचारलं आणि खरंच काही नाही. उत्तराच्या जागी 'नल' हा यंत्राचा शब्द आला तर अर्थ असा, की माहीतच नाही. ही दोन एकमेकांत मिसळायची नाहीत. माहीत नसलेलं पडद्यावर लाल दिसलं पाहिजे, माणूस थांबला पाहिजे.

"लई ग्वाड बोलतोस," आक्काताई म्हणतात. "मग माझ्या येळंला?"

तो सांगतो. सांगायचं टाळता येत नाही, फळ्यावर आपोआप उमटत जातं. डेमोच्या दिवशी एक नल आला आणि दहा डॉक्टरांच्या देखत पडदा पांढरा पडला. मालक शिरगुप्पे सर बाहेर येऊन म्हणाले, लाल काही दिसता कामा नये, आजच्या आज. मग त्यानं एक ओळ घातली. नल आला तर त्या जागी रिकामी यादी धरायची, म्हणजे पडद्यावर हिरवं 'नाही' येतं. दोन उभ्या रेघा आणि एक रिकामा चौकटी कंस. चार मिनिटं लागली. पडदा परत कधी पांढरा पडला नाही. सगळ्यांनी खाली जाऊन उसाचा रस घेतला.

"माझं मरण चार मिंटाचं," आक्काताई हिशेब केल्यासारखं नाही, भाजीचा भाव ऐकल्यासारखं म्हणतात. "मला वाटलं, मोठं काय तरी आसंल."

ऋतुराज रडायला लागतो. आक्काताई त्याला रडू नको म्हणतात, त्यानं मार्करची शाई फुटती म्हणतात. मागच्या बाकावरची एक बाई हसते.

"मला माफ करा, मावशी."

"त्याला जागा कुठं हाय? ह्यो रकाना तू ठेवलाच न्हाईस."

नळ अजून चालू आहे. पाणी फरशीवरून बाकांखाली येतंय. आक्काताई पाय वर घेत नाहीत. त्या रेश्माचं सांगायला लागतात. त्या पोरीनं तीनदा विचारलं होतं. आक्काताई म्हणाल्या होत्या, मागं एका सुईनं अंग सुजलं होतं का गोळीनं, ठाऊक नाही, चिठ्ठी घरात आहे. पोरीनं अंदाजानं काही भरलं नाही, रकाना रिकामा सोडला आणि वर डॉक्टर विचारतील म्हणाली. डॉक्टरांनी हिरवं बघितलं, कशाला विचारतील?

"तुमच्या सगळ्यांत शाणी तीच. आन् तिलाच आत घालतोयस."

"वाक्य खरं आहे ते," ऋतुराज म्हणतो.

"ह्या कोन बाया, वळख बघू."

तो मोजतो. अकरा. आक्काताईंच्या दवाखान्याशिवाय ती ओळ अजून अकरा दवाखान्यांत चालू आहे, दर दवाखान्याची एक बाई. नऊ दिवस झाले, त्यानं ती काढलेली नाही, कारण काढली तर कुणीतरी विचारेल की का काढली. मागची बाई हसायची थांबते.

"ह्यास्नी अजून तोंडं हायती," आक्काताई म्हणतात. "तुला दिसंनात, एवढंच."

त्या एक कागद पुढं सरकवतात. तो पेन मागतो.

"सही नगं. तुझी सही कशाखाली बी बसती." त्या त्याचा डावा अंगठा धरतात, शाईच्या गादीवर दाबतात, हाड दुखेपर्यंत दाबतात.

तो दचकून उठतो. एसी घरघरतोय. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उठलाय. तीन पस्तीस. शेजारी शिरगुप्पे सर उभे आहेत, विचारतायत, "चौगुले, गेला का मेल?"

ऋतुराज कीबोर्ड ओढून घेतो, ते खरं वाक्य पुसतो आणि नवं लिहितो. रेश्मा मुजावर यांनी रकाना रिकामा ठेवला, ते बरोबर होतं. त्या रिकाम्याचं 'नाही' मी केलं. बदल होईपर्यंत पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, रुग्णाला तोंडानं विचारा. वर एका दवाखान्याचा पत्ता होता, तिथं तो बाराही दवाखान्यांचे पत्ते टाकतो. सर वाकून वाचतात. आवाज न चढवता विचारतात, पुढं तुझं काय होईल कळतंय का, केस तुझ्या नावावर पडेल, बायकोचा तरी विचार केलास का.

"काय होईल ते माहीत नाही, सर," ऋतुराज म्हणतो आणि मेल पाठवतो.

सर दार आपटून जातात. ऋतुराज ती ओळ काढायला फाइल उघडतो आणि हात कीबोर्डवर थांबतात. या ऑफिसात शाईची गादी नाही, कधी नव्हती. त्याचा डावा अंगठा पेराच्या वरपर्यंत निळा आहे, आणि इतका वेळ शब्दाशब्दांमधे जागा सोडायला तो जी लांब कळ दाबत होता, ती सगळी निळी झालीय. शाई अजून ओली आहे.