औषधवाल्याचं शटर

गल्लीतल्या निम्म्या पाट्या तिच्या हातच्या. वडिलांमागे शिडी, ब्रश, डबे तिनेच उचलले आणि सगळे तिला पेंटरबाई म्हणू लागले. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि तिला पुन्हा कामाचे वेध लागले.

पाळणा लांबवायला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "अंगावर पाजतेस, म्हणून एकाच हार्मोनच्या देतेय. दोन हार्मोनवाल्या नकोत, त्यांनी दूध आटू शकतं. दुसऱ्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस."

नाक्यावरच्या औषधवाल्याकडे त्या संपल्या होत्या. त्याने दुसऱ्याच गोळ्या कापून पुडीत बांधल्या. तिने नर्सबाईंचं बोलणं सांगितलं, तर म्हणाला, "दुकान नर्सचं की माझं? गोळी ती गोळीच. जा बिनघोर."

थोड्याच दिवसांत दूध ओसरलं. बाळ छातीशी झटून झटून लालबुंद व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, "भिंती रंगवून अंगातलं सुकलं तुझ्या." पुडी घेऊन ती औषधवाल्याकडे गेली, तर भरल्या दुकानात तो हसला. "तुझ्या अंगातच नसेल तर गोळीला काय बोल लावतेस? त्यापेक्षा दुधाचा डबा घेऊन जा." गिऱ्हाइकंही हसली. बाळ उपाशी होतं. डबा तिने घेतला.

नर्सबाईंनी पुडी पाहून कपाळावर हात मारला आणि गोळ्या बदलल्या. दूध थोडंफार परतलं. पण बाटलीला सोकावलेलं बाळ आता आईपासून तोंड फिरवायचं. ते तोंड फिरवी तेव्हा दरवेळी तिला ते हसणं ऐकू यायचं.

सगळं कळल्यावर सासूबाईंनी तिच्या मांडीवरून बाळ आपल्याकडे घेतलं. मग म्हणाल्या, "सोडणार आहेस त्याला?"

"सोडते कसली! शटर रंगवायला बोलावलंय त्याने."

"शिडी मी धरते."

दुकान बंद असण्याच्या दिवशी दोघी गेल्या. तिने आधी लाल ऑइल पेंटने काहीतरी लिहिलं आणि वाळू दिलं. त्यावर पाण्यातला पांढरा रंग फिरवला, आणि त्याच कच्च्या रंगात निळी, डौलदार अक्षरं काढली: 'खात्रीची औषधं'. औषधवाला येऊन बघून गेला, खूश झाला. दुकान उघडण्याआधी रोज पाइप लावून शटर धुवायची त्याची सवय सगळ्या गल्लीला पाठ होती.

सकाळी पहिल्याच फवाऱ्याला 'खात्रीची' ओघळली. खालून लाल अक्षरं वर आली: 'अंगावर पाजणाऱ्या आईच्या गोळ्या इथे बदलून देतात. नंतर दुधाचा डबाही मिळेल.'

तो पाइप तसाच टाकून चार घरांपलीकडच्या तिच्या दारात आला. "आत्ताच्या आत्ता पुसून दे!"

ती बाळाला बाटली पाजत होती. "शटरच्या अंगातच असेल तर रंगाला काय बोल लावता?"

"माझं गिऱ्हाईक जाईल गं!"

"माझं बाळ गेलं ना छातीवरून? चार लोकांत हसलात, तर चार लोकांत चुकलो म्हणा. लगेच पुसते."

त्याने मागे पाहिलं. शटरपुढे बायका जमल्या होत्या. कडेवर तान्हं घेतलेली एकजण वाचून झाल्यावर समोरच्या दुसऱ्या औषधवाल्याकडे शिरली. तो माघारी गेला आणि लोखंडी ब्रशने स्वतःच शटर घासू लागला.

"खुर्ची आण गं बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "इथून नीट दिसत नाही."