आकसलेलं दार

माझ्या आत्याने तीस वर्षं लोकांसाठी रबरी शिक्के कोरले. शाळांचे, कचेऱ्यांचे, वकिलांचे. उलटी अक्षरं तिला सुलट्यांपेक्षा लवकर वाचता येतात. पुढे शिक्क्यांची मागणी आटली, पण ती हातावर हात ठेवून बसली नाही. तापवलं की आकसणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ शीट तिने आणल्या आणि त्यांवर शिक्के उठवून कानातले नि किल्लीचे बिल्ले करायला लागली. तळहाताएवढं चित्र ओव्हनमध्ये जातं आणि नाण्याएवढं, जाड नि टणक होऊन बाहेर येतं. मी हे शंभरदा पाहिलंय, तरी अजून तोंड उघडं टाकून बघते.

तिच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं दुकान आहे. आमच्या घरात त्यांचं नाव सावकाशराव. त्यांनी वाक्य सुरू केलं की आपण चहा करून यावा, परत येईपर्यंत ते निम्म्यावर पोचलेले असतात. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आत्याने लग्नच केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, वेळ कुठे होता.

त्या सोमवारी ते रस्ता ओलांडून आले. मुलगी आपल्या गावी राहायला बोलावतेय, दुकान मोडायचं की नाही ते शनिवारपर्यंत तिला कळवायचंय, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणालात तर मी थांबतो."

आत्याने चष्मा पुसला आणि 'बघते' म्हणाली. बघते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडाने हो म्हणणं तिला जन्मात जमलेलं नाही. त्याच संध्याकाळी तिने रबरावर आपल्या घराचं दार कोरलं, तीन पायऱ्या आणि कडीसकट. त्याचा बिल्ला करायचा, त्यात घराची दुसरी किल्ली अडकवायची आणि त्यांच्या हातात द्यायची. वर स्वतःलाच अट घातली, ठसा स्वच्छ उठला तरच.

मंगळवारी ठसा फिसकटला. बुधवारी शाई पसरली. गुरुवारी एका दाराची दोन झाली. शुक्रवारी मी रजा टाकून तिच्या शेजारी जाऊन बसले. दुपार होती. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरून इतकं हळू सरकत होतं, की आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, कळेना. शाईचा गोडसर वास, कोपऱ्यात पंख्याची घरघर. आणि त्या उन्हात शीट आरशासारखी चकाकत होती.

मी खडबडून जागी झाले. गुळगुळीत प्लास्टिकवर शाई धरत नाही, रबर घसरतं. म्हणून आधी बारीक पॉलिश पेपरने उभं-आडवं हलकं घासायचं. मी सातवीत असताना हे तिनेच मला शिकवलं होतं.

"आत्या, शीट घासली का नाहीस?"

तिने हातातला शिक्का खाली ठेवला. मग म्हणाली, "स्वच्छ उठला तर द्यावा लागेल ना."

साठीला आलेय, म्हणाली. दुसऱ्या माणसाची पावलं ऐकू यायला लागली तर झोप लागायची नाही. थोडे दिवस नाही लागणार, मी म्हटलं. पण उद्या समोरचं दुकान बंद झालं, तर त्यानंतर लागणार आहे का? आणि मग मी पॉलिश पेपर तिच्यापुढे सरकवला.

तिने तो उचलला. घासून भुकटी पुसली, बोटांचं तेल लागू नये म्हणून शीट कडेने धरली. शिक्का सरळ खाली, न डुलवता, मनात पाच आकडे, सरळ वर. दार उठलं. कडीसुद्धा. शाई वाळल्यावर तिने चित्र कापून ओव्हनमध्ये ठेवलं. आतल्या नारिंगी उजेडात प्लास्टिक मुरगळलं, दार स्वतःतच गुरफटून नाहीसं झालं. मग हळूहळू ते उलगडलं आणि लहानसं होऊन सपाट पडलं. आम्ही दोघी काचेला नाक लावून होतो.

बिल्ला गार झाला आणि आत्याचा चेहरा उतरला. त्याला भोकच नव्हतं. पंच मारायचा तो तापवण्याआधी, नंतर मारला तर तडा जातो. शेकडो बिल्ले केलेली बाई, आणि ही चूक! मी कपाळावर हात मारला. आत्या रडायला लागली. हे व्हायचंच नाही, म्हणाली, आणि दुसरा करायचं त्राण नाही.

"या गल्लीत केसाएवढी भोकं कोण पाडतं?" मी विचारलं.

तिने रस्त्यापलीकडे पाहिलं. मग डोळे पुसले, ड्रॉवरमधून काहीतरी मुठीत घेतलं आणि निघाली. मी निर्लज्जासारखी मागोमाग गेले.

सावकाशरावांनी डोळ्याला भिंग लावून बिल्ला पाहिला. तुमचं दार, म्हणाले. मग बारीक ड्रिल घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "भोक केवढं पाडू? काय अडकवायचंय यात?"

आत्याने काउंटरच्या काचेवर मूठ उघडली.

"ही किल्ली. माझी माझ्याकडे आहे, ही तुमची."

त्यांनी किल्लीकडे बघतच ड्रिल टेकवलं आणि बिल्ला काचेवरून घसरला. आत्याने बिल्ला दोन बोटांनी घट्ट धरला आणि म्हणाली, "पाडा आता."